‘प्रसंग निवडा’: डीव्हीडीच्या मेनूतली हलती बटणं कशी तयार होतात

लग्नाची डीव्हीडी प्लेअरमध्ये टाकली, की मुख्य पानामागे बहुधा ‘प्रसंग निवडा’ असं एक पान असतं. सहा छोट्या चौकटी आणि प्रत्येकीत एकेक प्रसंग चाललेला: हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टका, कन्यादान, सप्तपदी, पाठवणी. रिमोटचा बाण दाबला की एका चौकटीभोवतीची पिवळी कड शेजारच्या चौकटीवर जाते. ओके दाबलं की तो प्रसंग सुरू होतो. पाहणाऱ्याला वाटतं, प्रत्येक चौकट म्हणजे एक बटण आणि त्या बटणात व्हिडिओ भरलेला आहे. असं पान पहिल्यांदा करायला बसलेल्या माणसालाही तसंच वाटतं, आणि पुढचा बराचसा गोंधळ या एका समजुतीतून होतो. डीव्हीडीच्या बटणात व्हिडिओ भरता येत नाही. साधा फोटोही भरता येत नाही.

मग पडद्यावर दिसतं ते काय असतं? तिथे तीन गोष्टी एकावर एक बसलेल्या असतात. सगळ्यात खाली एक साधा व्हिडिओ, पूर्ण पडद्याएवढा, एकच. सहा चौकटी, त्यांच्यातली हालचाल, मागची नक्षी, शीर्षक, खालची नावं हे सगळं त्या एका व्हिडिओत आधीच एकजीव करून टाकलेलं असतं. त्यावर सबपिक्चर नावाचा थर असतो. चित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर स्केचपेनने कडा काढाव्यात तसा हा थर. पिवळी कड असते ती इथे. सिनेमात सबटायटल दाखवायला डीव्हीडी हाच थर वापरते. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ती म्हणजे चार आकड्यांनी ठरलेला एक आयत: डावीकडून इतका, वरून इतका, इथपासून तिथपर्यंत. त्या आयताला एक हुकूम जोडलेला असतो, उदाहरणार्थ ‘पहिल्या टायटलच्या चौथ्या चॅप्टरवर जा’. हा आयत म्हणजेच बटण. खालच्या चित्रात काय चाललं आहे याचा त्याला पत्ता नसतो.

ही रचना अशी का, हे डीव्हीडीच्या वयावरून कळतं. डीव्हीडी प्लेअर १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये पहिल्यांदा विकायला आले. त्यांतली चिप एका वेळी एकच एमपेग-२ व्हिडिओ उलगडू शकेल एवढ्याच ताकदीची होती. सहा वेगळे व्हिडिओ एकाच वेळी उलगडून पडद्यावर मांडणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून ते मांडण्याचं काम डिस्क तयार करणाऱ्यावर आलं. आपण संगणकावर सहा क्लिप एका पानात बसवायच्या, त्यांचा एकच व्हिडिओ करायचा आणि प्लेअरला तो मुकाट्याने वाजवायला सांगायचा. एकदा हे डोक्यात बसलं, की काम दोन भागांत सरळ विभागलं जातं: पहिला भाग व्हिडिओ एडिटिंगचा, म्हणजे आपल्याकडचे स्टुडिओवाले ज्याला मिक्सिंग म्हणतात त्याचा, आणि दुसरा ऑथरिंगचा, म्हणजे त्यावर कडा, बटणं आणि हुकूम बसवण्याचा.

मांडणीचं गणित

भारतात डीव्हीडी पाल पद्धतीची. फ्रेम ७२० बाय ५७६ पिक्सेलची, सेकंदाला २५ फ्रेम. रुंद पडद्यासाठीही आकडे हेच राहतात. फक्त टीव्ही ती फ्रेम आडवी ताणून १६:९ करतो. म्हणजे डिस्कवरचा पिक्सेल चौरस नसतो, उंचीच्या मानाने सुमारे १.४२ पट रुंद असतो. ही गोष्ट विसरली की थंबनेलमधली माणसं जाडी किंवा काटकुळी दिसतात.

यावर एक सोपी वाट आहे. मूळ चित्रणही १६:९ असेल, तर प्रत्येक थंबनेल फ्रेमच्या बरोबर पावपट करावी: १८० बाय १४४. पूर्ण फ्रेम ज्या प्रमाणात ताणली जाणार त्याच प्रमाणात ही छोटी चौकटही ताणली जाते, त्यामुळे वेगळा हिशोब लागत नाही. एडिटिंग प्रोग्रॅममध्ये प्रोजेक्ट उघडताना ‘पाल वाइडस्क्रीन डीव्हीडी’चा तयार साचा निवडावा, म्हणजे प्रीव्ह्यूही खरा दिसतो. केडेनलाइव्ह या मोफत प्रोग्रॅममध्ये असा साचा आहे. क्लिपचा आकार २५ टक्के करून जागेवर ठेवायची, एवढंच. साचा न निवडता नुसती १८० बाय १४४ ची फाइल संगणकावर पाहिली तर चेहरे उभट दिसतील. त्याला घाबरून आकार बदलू नये. खात्री करायची तर एखादी गोल वस्तू असलेली क्लिप घ्यावी. औक्षणाचं तबक यासाठी चांगलं. टीव्हीवर ते गोल दिसलं की गणित बरोबर.

आता जागा. जुने टीव्ही चित्राच्या कडा थोड्या झाकत असत, आणि अनेक नवे टीव्हीही मूळ सेटिंगवर तसंच करतात. म्हणून महत्त्वाचा मजकूर चारी बाजूंनी दहा टक्के आत ठेवण्याची पद्धत आहे. डावी-उजवीकडून ७२ पिक्सेल सोडले की रुंदी उरते ५७६. तीन चौकटींचे ५४० गेले की ३६ उरतात, म्हणजे दोन फटी १८-१८ च्या. चौकटी सुरू होतात ७२, २७० आणि ४६८ वर, आणि तिसरी संपते बरोबर ६४८ वर, म्हणजे उजवा समासही ७२ चाच. उभ्यात वर-खाली ५८ सोडले की ४६० उरतात. चौकटींच्या दोन रांगा २८८ घेतात, बाकी शीर्षक, नावं आणि तळातली ‘मागे’, ‘मुख्य पान’, ‘पुढे’ ही बटणं यांना पुरतं. पहिली रांग १०४ पासून आणि दुसरी २९२ पासून घेतली तर सगळं मोकळेपणी बसतं. आकडे सम ठेवावेत. डीव्हीडीत रंगाची माहिती दोन बाय दोन पिक्सेलच्या गटाला मिळून एकच साठवली जाते. विषम आकड्यावर कड आली की चौकटीचा रंग बाहेर पाझरल्यासारखा दिसतो.

एका पानावर बारा चौकटी कोंबण्याचा मोह आवरावा. फ्रेमच्या पावपटीपेक्षा लहान चौकटीत माणूस ओळखू येत नाही. प्रसंग जास्त असतील तर पानं वाढवावीत.

क्लिप निवडणं

या कामात सगळ्यात जास्त विचार इथे लागतो, आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. बहुतेक ऑथरिंग प्रोग्रॅम थंबनेलसाठी चॅप्टरची पहिली फ्रेम आपोआप उचलतात. चॅप्टरची सुरुवात बहुधा काळ्यातून उजळत होते, म्हणून मग सहापैकी दोन-तीन चौकटी काळ्याच दिसतात. नाहीतर मांडवाचा लांबून घेतलेला शॉट येतो: पूर्ण पडद्यावर देखणा, पावपटीत नुसता रंगीत ठिपक्यांचा कल्लोळ.

थंबनेलचं काम प्रसंगाची ओळख पटवणं. ज्या घरात ही डिस्क लागणार तिथे रिमोट बहुधा आजीच्या किंवा काकांच्या हातात असतो आणि चष्मा दुसऱ्या खोलीत राहिलेला असतो. खालचं नाव न वाचता नुसतं चित्र पाहून ‘ही सप्तपदी’ असं कळलं पाहिजे. हळदीसाठी हळद माखलेला चेहरा, जवळून घेतलेला. कन्यादानासाठी एकावर एक धरलेल्या ओंजळी आणि त्यांवरून पडणारी पाण्याची धार. सप्तपदीसाठी तांदळाच्या राशींवरून पुढे सरकणारं पाऊल. पाठवणीला मायलेकींचे चेहरे पुरेत.

हालचाल हवीच का, हाही प्रश्न विचारावा. मला सरसकट सगळ्या चौकटी हलत्या ठेवणं पटत नाही. सहा ठिकाणी एकदम काहीतरी चाललं की डोळा कुठेच ठरत नाही. पण काही प्रसंग हालचालीशिवाय ओळखूच येत नाहीत. मंगलाष्टकांचा स्थिर फोटो घेतला तर मध्ये धरलेला अंतरपाट म्हणजे एक पांढरा पट्टा दिसतो. तो अंतरपाट बाजूला होऊन दोघं एकमेकांना पाहतात, अक्षतांचा सडा पडतो आणि हार घातले जातात, ते दहा-पंधरा सेकंद हलतेच हवेत. क्लिप निवडताना दोनच गोष्टी पाहाव्यात: कॅमेरा शक्यतो स्थिर असावा, आणि हालचाल माणसाची असावी. कॅमेरा फिरत असेल तर पावपट चौकटीत नुसती घसरण दिसते.

चित्रण इंटरलेस्ड असेल, म्हणजे प्रत्येक फ्रेम सम आणि विषम ओळींच्या दोन भागांत घेतलेली असेल, तर आकार लहान करण्याआधी ते डीइंटरलेस करून घ्यावं. तसं न करता आकार घटवला की दोन्ही भागांतल्या ओळी एकमेकींत मिसळून हलत्या हातांभोवती कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात. कॅमेऱ्याचं सेटिंग १०८०आय असेल तर हे हमखास लागतं.

लूप

मेनूचं पान ठरावीक वेळ चालतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तीस सेकंदांचा लूप बरा. २५ फ्रेमच्या हिशेबाने ७५० फ्रेम. पंधरा सेकंदांहून छोटा लूप पाच मिनिटांतच जाच करतो, विशेषतः सनई-चौघडा वाजत असेल तर.

सहाही क्लिप लूपएवढ्याच लांबीच्या हव्यात. एखादी आधी संपली तर तिच्या जागी काळी चौकट किंवा थिजलेलं चित्र राहतं. आता अडचण जोडाची. ७५० वी फ्रेम आणि पहिली फ्रेम यांत काही नातं नसतं, म्हणून सगळ्या चौकटी एकदम उडी मारतात. यासाठी क्लिप एक सेकंद जास्त घ्यायची, म्हणजे एकतीस सेकंदांची. शेवटचा सेकंद कापून तो सुरुवातीच्या सेकंदावर ठेवायचा आणि तिथे हळूहळू विरवायचा. परिणाम असा होतो: लूप संपताना दिसतो क्लिपचा तिसावा सेकंद, लूप परत सुरू होतो तेव्हा त्याच क्षणापासून चित्र पुढे चालतं आणि सेकंदाभरात सुरुवातीच्या चित्रात विरघळतं. जोड दिसत नाही.

तरी एक बारीक थबक राहतेच. लूप संपला की प्लेअरच्या लेसरला डिस्कवर मागे जावं लागतं, आणि तेवढा अर्धा-एक क्षण चित्र थांबतं. हे प्लेअरच्या यंत्रात आहे, आपल्या फाइलीत नाही. त्यावर उपाय आवाजाचा. संगीत लूपच्या शेवटी एक-दोन सेकंदांत उतरवावं आणि सुरुवातीला हलकेच चढवावं. सुरावट मध्येच तुटली की कानाला खटकतं. उतरून थांबली की खटकत नाही. डीव्हीडीला आवाज ४८ किलोहर्ट्झचा लागतो. ऑडिओ सीडीवरून घेतलेलं संगीत ४४.१ चं असतं, ते आधी बदलून घ्यावं.

पान उघडताना चौकटी उडत येतात, नावं फिरत बसतात, असा देखावा काही जण करतात. तो करायचाच तर वेगळा तुकडा म्हणून करावा आणि लूप त्याच्या पुढून सुरू करावा. पण प्रत्येक प्रसंग पाहून परत आल्यावर तोच देखावा पुन्हा सोसावा लागणार असेल तर तो नसलेलाच बरा.

देवनागरी अक्षरं

परदेशी मार्गदर्शनात जे कधीच सापडत नाही ते इथे सांगायला हवं. इंटरलेस्ड पडद्यावर एक पिक्सेल जाडीची आडवी रेघ सम किंवा विषम, एकाच भागात येते आणि सेकंदाला पंचवीस वेळा दिसते-जाते. ती लुकलुकते. रोमन अक्षरांत अशा रेघा तुटक असतात. आपल्या लिपीत शिरोरेखा शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जाते, त्यामुळे बारीक टायपातलं ‘सीमांतपूजन’ अख्खं थरथरतं. टाइप ठळक घ्यावा. शिरोरेखा निदान दोन आणि शक्य तर तीन पिक्सेल जाड असावी. नावासाठी तीस पिक्सेल उंचीची पट्टी ठेवली की वरची मात्रा आणि खालचा उकार दोन्ही आत बसतात. पांढऱ्या अक्षरांना गडद कड द्यावी, म्हणजे मागे काहीही असलं तरी वाचता येतं. लालभडक अक्षरं टाळावीत. रंगाच्या त्या दोन बाय दोन हिशेबामुळे लाल रंग सगळ्यात जास्त पसरतो.

ऑथरिंगचे बरेच प्रोग्रॅम जुने आहेत आणि त्यांच्या मजकुराच्या खिडकीत मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. म्हणून नावं तिथे टाइप करूच नयेत. इंकस्केप किंवा जिंपमध्ये युनिकोड टायपात लिहून, पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी चित्र करून ते एडिटिंगमध्येच व्हिडिओवर बसवावं. तसंही ती नावं खालच्या थराचाच भाग असणार आहेत.

नावाआधी अंक द्यावा: ‘४. कन्यादान’. बहुतेक प्लेअरमध्ये मेनूच्या पानावर रिमोटचं अंकाचं बटण दाबलं की त्या क्रमांकाचं बटण थेट चालतं. बाण मोजत बसण्यापेक्षा मोठ्या माणसांना हे सोपं जातं. मात्र बटणांचा क्रम आणि नावाआधीचा अंक जुळले पाहिजेत.

पिवळी कड

व्हिडिओ तयार झाला. आता वरचा थर. सबपिक्चरमध्ये प्रत्येक पिक्सेलला फक्त दोन बिट मिळतात, म्हणजे चारच प्रकार. त्यातला एक पार्श्वभूमीचा, म्हणजे व्यवहारात पारदर्शक. उरले तीन. हे रंग सोळा रंगांच्या तक्त्यातून घ्यायचे आणि प्रत्येकाला पारदर्शकतेच्या सोळा पायऱ्यांपैकी एक द्यायची. बटणाच्या तीन अवस्था असतात: नुसतं असलेलं, निवडलेलं आणि दाबलेलं. आकृती तिन्ही अवस्थांत एकच असते, बदलतो तो रंग. नुसत्या अवस्थेत कड पूर्ण पारदर्शक ठेवायची, निवडल्यावर हळदीसारखी पिवळी आणि दाबल्यावर कुंकवासारखी लाल. लाल रंग क्षणभरच दिसतो, पण ‘दाबलं गेलं’ ही खात्री देतो.

रंग इतके थोडे असल्यामुळे गोलाकार किंवा तिरक्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. फुलांची महिरप, तोरण असं काही काढायचं असेल तर ते खालच्या व्हिडिओत काढावं आणि हायलाइट सरळ आयताकृती कडेचाच ठेवावा. अख्ख्या चौकटीवर अर्धपारदर्शक पिवळा पडदा टाकण्याची पद्धतही आहे, पण मग जो प्रसंग निवडायचा तोच झाकोळतो. कडच बरी.

कडेची जाडी मात्र सगळीकडे सारख्या पिक्सेलची घेऊ नये. पिक्सेल आडवा रुंद आहे, हे आठवा. उभ्या रेघा ३ पिक्सेलच्या आणि आडव्या ४ च्या घेतल्या तर टीव्हीवर चारी बाजू जवळपास सारख्या दिसतात, आणि आडवी रेघ ४ ओळींची असल्याने लुकलुकतही नाही.

हे चित्र ७२० बाय ५७६ चंच करायचं, कडा चौकटींच्या बाहेरून काढायच्या, आणि रंगांच्या किनारी मऊ करणारा अँटी-एलिअसिंगचा पर्याय बंद ठेवायचा. तो चालू राहिला तर चारऐवजी चाळीस रंग तयार होतात आणि पुढचा प्रोग्रॅम फाइल नाकारतो.

बटण आणि त्याचे शेजारी

आता आयत आखायचे. प्रत्येक आयताने आपली कड पूर्ण आत घ्यावी, कारण रंग बदलतो तो आयताच्या आतल्याच भागाचा. कड बाहेर राहिली तर तेवढा तुकडा रंगत नाही. आयत एकमेकांवर चढू नयेत. १८ च्या फटीत दोन्हीकडच्या कडा सहज मावतात.

प्रत्येक बटणाला चार शेजारी सांगावे लागतात: वर, खाली, डावा, उजवा. प्रोग्रॅम ते स्वतःहून ठरवतो, पण तपासून पाहावं. माझ्या मते तिसऱ्या चौकटीवरून उजवा बाण दाबला की चौथ्या चौकटीवर जावं आणि सहाव्यावरून ‘पुढे’वर. म्हणजे नुसता उजवा बाण दाबत राहिलं तरी सगळं पान फिरून होतं. रिमोटची सवय नसलेला माणूस एकच बाण दाबत राहतो, आणि एकदा का कड जागची हलेना, की तो रिमोट खाली ठेवतो.

पान लूप होऊन पुन्हा सुरू झालं की निवडलेली चौकट तशीच राहिली पाहिजे. कोणत्या क्रमांकाचं बटण निवडलं आहे हे प्लेअर एका खास नोंदीत ठेवतो, म्हणून आपण काही केलं नाही तर ती टिकते. पण ‘सुरुवातीला पहिलं बटण निवडा’ असा पर्याय लावून ठेवला असेल तर दर तीस सेकंदांनी कड उडी मारून हळदीवर जाते. तो पर्याय मुख्य पानावर ठीक. इथे काढून टाकावा.

आयतांची ही माहिती डिस्कवर एकदाच लिहिलेली नसते. व्हिडिओ अर्ध्या ते एक सेकंदाच्या तुकड्यांत साठवलेला असतो आणि प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी एक छोटा माहितीचा गठ्ठा असतो. बटणं कुठे आहेत हे त्यात पुन्हापुन्हा सांगितलेलं असतं. त्यामुळे चौकटी बदलायच्या झाल्या तर नुसता आकडा बदलून भागत नाही, पान नव्याने तयार करावं लागतं.

कशात करायचं

स्टुडिओंमध्ये बराच काळ अडोबी एन्कोर चाललं. त्याची शेवटची आवृत्ती सीएस६, २०१२ ची. त्यात बटण म्हणजे फोटोशॉपच्या लेयरचा एक गट: गटाच्या नावाआधी कंसात अधिकचं चिन्ह, थंबनेलच्या लेयरआधी टक्क्याचं आणि हायलाइटच्या लेयरआधी ‘बरोबर १’. क्लिप त्या बटणावर ओढून टाकली, ‘अ‍ॅनिमेट बटन्स’वर खूण केली, लूपची लांबी दिली, की सहा क्लिप एका व्हिडिओत मिसळण्याचं काम ते स्वतः करतं. पोस्टर फ्रेम, म्हणजे थंबनेलसाठी घ्यायची फ्रेम, बदलून काळी सुरुवातही टाळता येते. चित्र आणि बटण वेगळं असतं हे त्यात कळतच नाही, इतकं ते काम झाकून करतं. म्हणून काही बिघडलं की कुठे पाहायचं हेही कळत नाही.

पैसे न घालता करायचं तर केडेनलाइव्हमध्ये पान तयार करून एमपेग-२ काढा, सेकंदाला ६ मेगाबिटच्या आसपास. तीस सेकंदांचं एक पान साधारण २२ मेगाबाइट घेतं, ४.७ गिगाबाइटच्या डिस्कवर ते जाणवतही नाही, त्यामुळे इथे काटकसर नको. मग स्पुमक्स नावाचा छोटा प्रोग्रॅम कडांचं पीएनजी घेऊन व्हिडिओत मिसळतो, आणि डीव्हीडीऑथर हुकूम जोडून व्हिडिओ_टीएस हे फोल्डर तयार करतो. दोन्हींना एका साध्या मजकुराच्या फाइलीत सूचना द्याव्या लागतात. पहिल्यांदा वेळ जातो, पण त्याच सूचना पुढच्या लग्नाला आकडे बदलून वापरता येतात.

एक नियम ध्यानात ठेवा. डीव्हीडीवर मेनूच्या दोन जागा असतात: सगळ्या डिस्कचा मेनू आणि एकेका टायटलसेटचा, म्हणजे टायटलच्या गटाचा, मेनू. डिस्कच्या मेनूतून टायटलवर जाता येतं, पण त्यातल्या चॅप्टरवर थेट उडी मारता येत नाही. ‘प्रसंग निवडा’चं पान टायटलसेटच्या मेनूतच ठेवावं लागतं. डीव्हीडीऑथरने हुकूम नाकारला तर पहिली शंका हीच घ्यावी.

जुना टीव्ही, अमेरिकेतले नातेवाईक

घरी ४:३ चा जुना टीव्ही असेल तर प्लेअर रुंद चित्र लहान करून वर-खाली काळ्या पट्ट्या देतो. व्हिडिओ लहान होतो, पण सबपिक्चर आपोआप लहान होत नाही, आणि पिवळी कड चौकटीवरून सरकते. यासाठी लेटरबॉक्सचा वेगळा सबपिक्चर आणि आयतांचा वेगळा संच द्यावा लागतो. दोन संच ठेवले की एका पानावरची बटणांची कमाल मर्यादा ३६ वरून १८ वर येते. सहा चौकटी आणि तळातली तीन बटणं धरून आपली नऊच होतात, तेव्हा काळजी नाही.

अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा मावशीकडे प्रत पाठवायची असेल तर तिकडची पद्धत एनटीएससी. तिकडचे अनेक प्लेअर पाल डिस्क दाखवत नाहीत. त्यासाठी ७२० बाय ४८० ची, २९.९७ फ्रेमची वेगळी डिस्क करावी. पावपटीचा नियम तिथेही चालतो: चौकट १८० बाय १२०. आयत आणि कडा मात्र नव्याने आखायच्या. घरी बर्न केलेल्या डिस्कला रीजन कोडची अडचण येत नाही.

ब्लू-रेवर हे सगळं पुष्कळ मोकळं आहे. तिथे बटण २५६ रंगांचं स्वतंत्र चित्र असू शकतं, प्रत्येक अवस्थेला वेगळं, आणि चित्रांची मालिका देऊन ते हलवताही येतं. पण लग्नाची डिस्क पाहणाऱ्या घरांत ब्लू-रे प्लेअर क्वचितच असतो.

बर्न करण्याआधी

फोल्डर तयार झालं की ते व्हीएलसीमध्ये उघडून बाण आणि हुकूम तपासा. मग ते पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर उतरवून खऱ्या प्लेअरवर लावा, कारण माउसने चालणारं पान रिमोटवर चालेलच असं नाही. लूप दोनदा पूर्ण होऊ द्या. प्रत्येक चौकटीवर जा, प्रत्येक प्रसंग उघडा, मेनूचं बटण दाबून परत या. शक्य असेल तर ज्यांच्यासाठी डिस्क आहे त्यांच्यापैकी वयाने मोठ्या माणसाच्या हातात रिमोट द्या आणि काही न सांगता शेजारी बसा. त्यांचं बोट जिथे अडेल तिथे पान बदला.

अंतिम प्रत दिल्यावर व्हिडिओ_टीएस फोल्डर आणि मूळ प्रोजेक्ट हार्डडिस्कवर सांभाळून ठेवा. डिस्कवर ओरखडे पडले तरी त्या फोल्डरमधून मेनूसकट नवी डिस्क केव्हाही काढता येते.